साडेअकरा किलोचा कॉम्प्युटर

"मला फसवणारा दुकानदार अजून जन्माला यायचाय!"

हे वाक्य बिनचूकराव आठवड्यातून निदान दोनदा म्हणत. एकदा घरात, एकदा घराबाहेर. घरातल्यांना ते पाठ झालं होतं आणि बाहेरचे ते ऐकून मान डोलावत, कारण मान डोलावली नाही तर ते पुन्हा पहिल्यापासून सांगत.

बिनचूकराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. बाजारातल्या दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करण्याचा त्यांचा धंदा, तोही बावीस वर्षांचा. काटा दोन ग्रॅमने जरी खोटं बोलला तरी त्यांच्या नाकाला म्हणे वास येई. जुन्या लोखंडी वजनांचंही काम ते करत. अशा वजनाच्या तळाला एक भोक असतं, त्यात शिसं ओतून वजन नेमकं करायचं आणि त्या शिशावर आपला ठसा मारायचा. बिनचूकरावांचा ठसा म्हणजे गोलात चांदणी. ही चांदणी असलेलं वजन डोळे मिटून घ्यावं, असं अख्खा बाजार म्हणे. निदान बिनचूकराव तरी म्हणत की बाजार असं म्हणतो.

आता माणसाचा धंदा माणसाच्या अंगात मुरतो, यात नवल नाही. पण बिनचूकरावांच्या तो डोक्यात मुरला होता. त्यांनी आयुष्याचा एकच नियम केला होता. दोन वस्तू एकाच किमतीच्या असतील तर जड असेल ती घ्यायची. पिशवीत आकड्याचा छोटा काटा कायम असे. त्याला वस्तू अडकवायची, वजन वाचायचं, की झाला निर्णय. या नियमाने त्यांनी घेतलेला प्रेशर कुकर एका माणसाला उचलत नसे. इस्त्री अशी की कपडे आपोआप घाबरून सरळ होत. छत्री उघडायला दोन्ही हात आणि एक गुडघा लागे. पण खरं सांगायचं तर वीस वर्षांत यातलं काहीही मोडलं नव्हतं, आणि तिथेच सगळी पंचाईत होती. एकदाही न चुकलेल्या माणसाला कोण समजावणार?

समजावायचा प्रयत्न त्यांची बायको करी. ती औषधांच्या दुकानात कामाला होती.

"अहो, माझ्या दुकानातली पाच मिलिग्रॅमची गोळी माणसाला जिवंत ठेवते," ती म्हणे. "तिला काय आकड्याला अडकवणार?"

"म्हणून तर मी औषधं घेत नाही," बिनचूकराव म्हणत.

या दोघांची एकुलती एक लेक म्हणजे चिऊ. वय पंधरा, चणीने नावासारखीच, आणि जिद्दीला मात्र वडिलांच्या कुकरइतकी भारी. चिऊला गेम खेळायला कॉम्प्युटर हवा होता. ही मागणी नुसत्या हट्टाची नव्हती. शाळेतल्या चौघीजणींचा तिचा संघ होता. गेल्या वर्षी त्यातली एक, चिऊची जिवलग मैत्रीण, वडिलांची बदली झाल्याने दूरच्या गावी गेली. तोपर्यंत चिऊ तिच्याच घरच्या जुन्या मशीनवर खेळत असे. मैत्रीण गेली, मशीनही गेलं. आता रविवारी दुपारी चार वाजता शाळकरी मुलामुलींची स्पर्धा होती, सगळ्यांनी आपापल्या घरून खेळायची. संघात चौघी नसतील तर संघ बाद. त्या मैत्रिणीबरोबर पुन्हा खेळायची चिऊची वर्षभरातली ही पहिलीच संधी होती.

बजेट पन्नास हजारांचं. त्यातले आठ हजार चिऊने दोन वर्षांच्या वाढदिवसांचे साठवलेले. पडदा म्हणून बाहेरच्या खोलीतला टीव्ही वापरायचा, असं आईने मोठ्या मनाने कबूल केलं होतं. आणि चिऊने तीन महिने अभ्यास करून एक यादी केली होती. असा अभ्यास तिने शाळेचा केला असता तर फळ्यावर नाव लागलं असतं! कुठला भाग कितीला, कुठे पैसे वाचवायचे, कुठे अजिबात वाचवायचे नाहीत, सगळं त्यात होतं. खाली लाल शाईत लिहिलं होतं: "पेटी साधी पत्र्याची चालेल. दिवे नकोत. पैसे ग्राफिक्स कार्डात घालायचे!!!"

"यादी बिदी ठीक आहे," बिनचूकराव म्हणाले. "पण खरेदी मी करणार. मला फसवणारा दुकानदार..."

"अजून जन्माला यायचाय," मायलेकी एकदम म्हणाल्या.

शुक्रवारी संध्याकाळी बापलेक बाजारात गेले. कॉम्प्युटरच्या दुकानदाराने यादी वाचली आणि मान वर करून चिऊकडे पाहिलं.

"यादी कोणी केली?"

"मी."

"माझ्याकडे नोकरीला ये," तो म्हणाला. "हे सगळं बसतं पन्नासात. उद्या जोडून देतो."

काम इथेच संपलं असतं. पण बिनचूकरावांनी पिशवीत हात घातला आणि चिऊने डोळे मिटले. पुढे काय होणार हे तिला कुकर, इस्त्री आणि छत्रीच्या वेळेपासून ठाऊक होतं.

"हे काय?" यादीतली पहिली वस्तू उचलून बिनचूकरावांनी विचारलं. हिरवी पट्टी होती, च्युइंगगमपेक्षा जरा मोठी.

"ही एसएसडी, साहेब. सगळा गेम यात साठतो. एकदम वेगवान."

बिनचूकरावांनी ती आकड्याला अडकवायचा प्रयत्न केला. काट्याने तिची दखलही घेतली नाही! मग त्यांनी पिशवीतून सोनाराच्या दुकानातला दुरुस्तीला आलेला नाजूक काटा काढला आणि काउंटरवर ठेवला.

"आठ ग्रॅम! आणि किंमत चार हजार? अहो, हे काय दागिने आहेत?"

"बाबा, तिचं वजन बघायचं नसतं..."

"चिऊ, तू थांब. याहून स्वस्त आणि भरीव काही नाही का?"

दुकानदाराने मुकाट्याने एक जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क समोर ठेवली. बिनचूकरावांनी ती तोलली आणि त्यांचा चेहरा उजळला. "सहाशे वीस ग्रॅम! याला म्हणतात वस्तू!"

"बाबा, ती गोगलगाय आहे!"

"गोगलगाय का असेना, वजनदार आहे."

अर्ध्या तासात त्यांनी दुकानातल्या निम्म्या वस्तू तोलल्या. दोन गिऱ्हाइकं आपलं काम विसरून बघत उभी राहिली. शेवटी बिनचूकरावांची नजर कोपऱ्यातल्या एका तयार मशीनवर गेली. पुढून काच, बाजूने काच, आत सात रंगांत फिरणारे चार पंखे! ते त्यांनी दोन्ही हातांनी उचललं, आकड्याला टांगलं. साडेआठ किलो.

"यादीप्रमाणे जोडलेलं किती भरेल?"

"सहाच्या आसपास."

"बघ चिऊ! त्याच पैशात अडीच किलोचा फरक!" मग दुकानदाराकडे वळून ते म्हणाले, "मात्र अजून जरा कमीच वाटतं. दहाच्या वर असतं तर आत्ता उचललं असतं."

चिऊने त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं. जाता जाता बिनचूकराव शेजारच्या किराणा दुकानात डोकावलेच. तिथला वाणी त्यांचं जुनं गिऱ्हाईक. नवा विजेचा काटा घेतल्यापासून त्याची लोखंडी वजनं फळीखाली धूळ खात पडली होती.

"लक्षात ठेवा," बिनचूकराव त्याला म्हणाले, "कॉम्प्युटर घ्यायचा तर वजनावर घ्या. पोकळ वस्तूला कधी भुलू नका."

"पुतणी मागे लागलीच आहे," वाणी म्हणाला. "तुमचा सल्ला म्हणजे काय, प्रश्नच नाही!"

कॉम्प्युटरवाला आपल्या दारात उभा राहून हे सगळं ऐकत होता.

शनिवारी चिऊ शाळेत गेली असताना बिनचूकरावांनी एकट्याने बाजार गाठला. लेकीला चकित करायचं होतं. आणि खरं म्हणजे लेक बरोबर असली की वजनात लक्ष लागत नाही, असा अनुभव होता.

"या साहेब, या!" दुकानदाराने खुर्ची पुसली. "तुमचंच बोलणं डोक्यात होतं. हे बघा, आज सकाळीच आलंय. खास भरीव प्रकार!"

तेच काचेचं मशीन. तेच पंखे. बिनचूकरावांनी उचललं आणि त्यांच्या पाठीतून एक सुखद कळ गेली. काट्याने साडेअकरा किलो दाखवलं. त्यांनी पुन्हा तोललं. पुन्हा साडेअकरा! त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"एका दिवसात तीन किलोची प्रगती!" ते म्हणाले. "विज्ञान कुठल्या कुठे चाललंय!"

"तेच ना साहेब," दुकानदार खाली बघून पावती फाडत म्हणाला.

इमारतीची लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत बिनचूकरावांनी ते मशीन छातीशी धरून आणलं, आणि प्रत्येक मजल्यावर थांबले. दम लागला म्हणून नव्हे, लोकांना सांगायला. "साडेअकरा किलो!" पहिल्या मजल्यावर ते खणखणीत म्हणाले. दुसऱ्यावर धापा टाकत म्हणाले. तिसऱ्यावर मशीन खाली ठेवून नुसतीच बोटं दाखवली, आणि तीही दहाच, कारण अकरावं नव्हतं.

चिऊ घरी आली. काचेचा तो ताजमहाल बघून ती दारातच थबकली.

"बाबा, ग्राफिक्स कार्ड घेतलं ना यादीतलं?"

"सगळं आत आहे! लाव तू."

लावलं. पंखे फिरले, खोली सात रंगांत न्हाली. आई कौतुकाने म्हणाली, "लग्नाचा मंडप वाटतोय." मग चिऊने गेम चढवायला घेतला. एक टक्का. दोन टक्के. चहा झाला, तीन टक्के. आईने भाजी निवडली, चिरली, फोडणीला घातली, सात टक्के! शेवटी गेम एकदाचा उघडला आणि पडद्यावरचा सैनिक एक पाय उचलून तसाच उभा राहिला. योगासन करत असावा. मिनिटाने त्याने दुसरा पाय उचलला.

"विचार करतोय," बिनचूकराव म्हणाले. "भारदस्त माणसं घाई करत नाहीत."

 चिऊने मशीन जरा तिरकं केलं. आतून खडखडाट झाला आणि पाठोपाठ दणका!

"हा कसला आवाज?"

"ताकद आहे आत. आवाज येणारच."

चिऊने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि बाजूची काच काढली. पडद्यावरची चित्रं पळवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या जागी मोकळी हवा होती. तळाशी मात्र काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेले तीन गोळे होते. त्यातला एक सुटून पंख्याला टेकला होता. तिने चिकटपट्टी सोलली.

आत एक किलोचं लोखंडी वजन निघालं. दुसऱ्यातून दुसरं. तिसऱ्यातून तिसरं.

 बायकोने एक वजन उचलून उलटं केलं आणि तळाचं शिसं दिव्याकडे धरलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ही तर तुमची चांदणी."

बिनचूकरावांनी पाहिलं. गोलात चांदणी! स्वतःच्या हाताने नेमकी केलेली, स्वतः ठसा मारून दिलेली तीन वजनं त्यांनी स्वतःच विकत घेतली होती, आणि तीन जिने वाहून आणली होती. 

चिऊ रडली असती, चिडली असती, तर बरं झालं असतं. ती फक्त फोन घेऊन खिडकीपाशी गेली. बिनचूकरावांनी मागून डोकावून पाहिलं. ती लिहीत होती, "उद्या मला जमेलसं वाटत नाही. तुम्ही दुसरं कुणी मिळतंय का बघा." पलीकडून त्या दूर गेलेल्या मैत्रिणीचं उत्तर आलं, "तू नसशील तर मीही नाही." ते वाचून बिनचूकराव दोन पावलं मागे सरले. पैशाचं दुःख त्यांना होतंच, फजितीचं त्याहून होतं. पण पोरीने तीन महिने खपून केलेली यादी आपण घडी करून खिशात घातली आणि एकदाही नीट वाचली नाही, याची लाज सगळ्यांत जास्त वाटली.

"चिऊ," ते म्हणाले, "उद्या दहाला दुकान उघडतं. तू बोलायचं. मी तोंड उघडणार नाही."

"नक्की?"

"काटा घरी ठेवतो."

हे ऐकून बायकोच्या हातातलं वजन पडता पडता राहिलं.

काटा मात्र पिशवीतच राहिला, कारण तो घरी ठेवायची सवय हातालाच नव्हती. रविवारी दहाच्या ठोक्याला तिघं दुकानात हजर. आईने तिन्ही वजनं काउंटरवर ओळीने मांडली.

दुकानदार जरा गोरामोरा झाला, पण लगेच सावरला.

"साहेब, मी कधी म्हटलं का हे वेगवान आहे? तुम्ही किलो विचारलेत, मी किलो दिले. वजन कमी भरलं का?"

"नाही," बिनचूकराव म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"बघा! आणि बोभाटा केलात तर बाजार हसेल कुणाला? काट्याच्या माणसाला वजनात फसवलं म्हणून..."

बिनचूकरावांचे कान लाल झाले. नेमकी हीच भीती त्यांना सकाळपासून सतावत होती. पण चिऊ पुढे झाली.

"काका, हसतील खरं. बाबांना आठवडाभर हसतील. पण बाबा दर महिन्याला या बाजारातल्या प्रत्येक दुकानात जातात. आणि तुम्ही बघितलंयत ना, ते किती बोलतात?"

दुकानदाराने बिनचूकरावांकडे पाहिलं. शुक्रवारची संध्याकाळ त्याला आठवली असावी.

"यादी आण," तो म्हणाला.

मग काम भराभर झालं. काचेची पेटी परत गेली, पत्र्याची आली. गोगलगाय गेली, आठ ग्रॅमची पट्टी आली. ग्राफिक्स कार्ड आलं. बिनचूकराव हाताची घडी घालून, ओठ घट्ट मिटून स्टुलावर बसले होते. बायको त्यांच्याकडे अधूनमधून बघत होती, तब्येत ठीक आहे ना म्हणून.

शेवटी राहिला पॉवर सप्लाय, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा. दुकानदाराने दोन डबे ठेवले. दोन्हींवर पाचशे वॉट लिहिलेलं, किमतीत फारसा फरक नाही. चिऊने दोन्ही हातांत धरून पाहिले, जरा घुटमळली, आणि मागे वळली.

"बाबा, काटा आणलाय?"

बिनचूकरावांना आपण नीट ऐकलं की नाही कळेना.

"यात बघावं लागतं," चिऊ म्हणाली. "आत तांबं, लोखंड खरं घातलेलं असलं की डबा जड लागतो. नुसतं लेबलच असलं की हलका. बहुतेक वेळा."

बिनचूकराव उठले. त्यांनी पहिला डबा आकड्याला लावला. आठशे ग्रॅम. दुसरा लावला. एक किलो सातशे. मग त्यांनी दुसरा कानाशी धरला आणि हलवून पाहिला. एकदा, दोनदा, आणि खात्रीसाठी तिसऱ्यांदा.

"आत सुटं काही नाही," ते गंभीरपणे म्हणाले.

"घेऊया मग," चिऊ म्हणाली, आणि शनिवारपासून पहिल्यांदा हसली.

दुपारी चारला पाच मिनिटं कमी असताना सहा किलो तीनशे ग्रॅमचं ते मशीन सुरू झालं. एकही दिवा नाही, एकही रंग नाही. पडद्यावरचा सैनिक मात्र वाऱ्यासारखा पळत होता! चौघींचा संघ पहिली फेरी जिंकला आणि दुसरीत सपाटून आपटला. कानाला हेडफोन लावलेली चिऊ मैत्रिणीशी इतकी हसत होती की आतल्या खोलीत बिनचूकराव उगाचच चष्मा पुसत बसले.

"हरलो!" ती ओरडत आत आली. "बाबा, काय मस्त हरलो!"

सोमवारी बिनचूकराव तिन्ही वजनं परत करायला वाण्याकडे गेले. निघण्यापूर्वी त्यांनी दार लावून ती गुपचूप तोलून पाहिली होती. ग्रॅमाचाही फरक नव्हता. तेवढाच जिवाला दिलासा.

"आली का माझी वजनं!" वाणी खूश झाला. "शेजारचा कॉम्प्युटरवाला शुक्रवारी मागून घेऊन गेला होता. कशाला ते काही सांगेना. तुमच्याकडे कशी आली?"

"तपासायला," बिनचूकराव म्हणाले. आयुष्यातलं पहिलं खोटं जरा अडखळतच बाहेर पडलं.

"वा! पण पाच किलोचंही एक दिलं होतं, त्याचा पत्ता नाही. शेजाऱ्याला विचारलं तर म्हणतो, ते तुमच्याच घरी पोचलंय! आता बोला! माझ्या घरी कसं पोचेल?" वाण्याने हात झटकले. "जाऊ द्या. तुम्हाला आनंदाची बातमी सांगायची राहिली. शनिवारी दुपारी पुतणीसाठी कॉम्प्युटर घेतला. अगदी तुमच्या सल्ल्याने, वजनावर! काचेचा, दिव्यांचा. सांगा बघू किती किलो?"

बिनचूकरावांच्या डोक्यात आकडे आपोआप फिरले. साडेआठ आणि पाच.

"साडेतेरा," ते पुटपुटले.

"न तोलता ओळखलंत!" वाण्याने त्यांचा हातच धरला. "मानलं तुम्हाला! उगाच नाही बाजार तुम्हाला बिनचूक म्हणत! पण त्या पाच किलोच्या वजनाचं काय करू, सांगा ना!"

बिनचूकरावांनी पिशवी काखेत मारली आणि दाराकडे पाहिलं.

"घरातच असेल हो," ते पायरी उतरता उतरता म्हणाले. "तळाशी बघा. अगदी तळाशी!"